काकींच्या वाटणीचं ऊन

आमच्या घाटकोपरच्या वसाहतीचा दिवाळी अंक निघतो. त्याच्या संपादिका कुंदाताई दरवर्षी माझ्याकडे फक्त जाहिरात मागतात. यंदा मी निवृत्त झालो, जाहिरात बंद झाली, म्हणून त्यांनी लेख मागितला. विषयही त्यांनीच दिला: सरकारने कोळसा आणि तेल बाजूला ठेवून सौरऊर्जेसारख्या पर्यायांना अनुदान द्यावं का? म्हणाल्या, तुम्ही जन्मभर त्याच धंद्यात होतात, तुमच्याइतकं कोण सांगणार.

अडचण तिथेच आहे. मी सव्वीस वर्षं डिझेलच्या जनरेटरवर पोट भरलं आणि पुढची अकरा वर्षं सोलरवर. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, असं म्हणतात. मी मात्र दोन्हीकडे पोटभर जेवलोय. अशा माणसाने कुठल्या स्वयंपाकाला नावं ठेवायची? त्यामुळे मी मत सांगण्याऐवजी एका गच्चीची गोष्ट सांगतो. मत त्यातच कुठेतरी सापडेल. नाही सापडलं तर कुंदाताईंना विचारा, त्यांना सगळ्यावर असतं.

आधी धंदा सांगतो. साकीनाक्याच्या एका गल्लीत आमच्या शेठचा गाळा होता. जनरेटर भाड्याने द्यायचे आणि लोकांचे नादुरुस्त झालेले दुरुस्त करायचे. बाहेरच्या माणसाला ही मोठी विद्या वाटते, पण जनरेटर म्हणजे एक ट्रकचं इंजिन, फक्त त्याला कुठे जायचं नसतं. तेल, हवा आणि पाणी स्वच्छ मिळालं की ते मुकाट्याने चालतं. निम्मे बिघाड फिल्टर न बदलल्याने होतात आणि उरलेले निम्मे, फिल्टर बदलला असं खोटं सांगितल्याने.

अंधेरीला एका लग्नाच्या हॉलचे मालक होते. दसऱ्याला जनरेटरला हळदकुंकू, नारळ, झेंडूचा हा एवढा हार. भक्ती बघून डोळे भरून यावेत. एका लग्नात वीज गेली, जनरेटर सुरू झाला आणि ऐन मंगलाष्टकांत धाप लागून बंद पडला. मी फिल्टर उघडला तर आत चार वर्षांच्या झेंडूच्या पाकळ्या घट्ट बसलेल्या. मालकांना सांगितलं, साहेब, पुढच्या दसऱ्याला हार घालू नका, फिल्टर घाला. ते इतके दुखावले की त्यांनी दुसरा मेकॅनिक बघितला.

मग मुंबईत वीज जाणंच कमी होत गेलं आणि आमचा धंदा बसायला लागला. त्या सुमारास शेठ गोरेगावला कुठल्यातरी प्रदर्शनाला जाऊन आले आणि सरकार सोलरला अनुदान देतंय अशी बातमी घेऊन आले. सोमवारपासून आपण सोलरवाले, असं त्यांनी शनिवारी संध्याकाळी जाहीर केलं. दत्ता, ह्याला फिल्टर नाही, ऑइल नाही, आवाज नाही, हलणारा एक भाग नाही, असं ते मला कौतुकाने सांगत होते. मी विचारलं, मग मी काय करू? ते म्हणाले, तू गच्चीवर चढ.

अशा रीतीने वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी गच्चीवर चढलो. पुढे गिऱ्हाइकं एकाहून एक भेटली. बोरिवलीच्या एका गृहस्थांना पॅनेलं ईशान्येकडे तोंड करूनच हवी होती, कारण वास्तुशास्त्र. मी म्हटलं, सूर्य दक्षिणेकडून फिरतो त्याला मी काय करू. ते म्हणाले, आधी लावा, बघू. मुलुंडच्या एका काकांनी पावसाळ्यात तक्रार केली की वीज शून्य. जाऊन बघतो तर पॅनेलं भिजून खराब होऊ नयेत म्हणून त्यांनी त्यांवर निळी ताडपत्री बांधलेली, तीही चांगली दुहेरी. पण लोकांना हसायचा मला अधिकार नाही. माझ्या पहिल्याच गच्चीवर मी जे केलं, ते ह्या दोघांच्या वरताण होतं.

ती गच्ची विक्रोळीची. सातेरीकृपा सोसायटी, तळमजला अधिक चार मजले. बहुतेक बिऱ्हाडं सिंधुदुर्गातली, कुणाचे वडील गिरणीत होते तर कुणाचे जवळच्या कारखान्यांत. इमारतीला लिफ्ट होती, पण ती दीड वर्ष कुलपात होती. लिफ्टचं आणि पाण्याच्या पंपाचं वीजबिल सगळ्यांत वाटलं जायचं आणि तळमजल्यावरच्यांचं म्हणणं, आम्ही लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही, आम्ही का द्यायचे? भांडण मिटेना, तेव्हा सेक्रेटरी पाटकरांनी लिफ्टला कुलूप घातलं आणि किल्ली आपल्या घरात कालनिर्णयच्या शेजारी खिळ्याला अडकवली. पाटकर राहायचे तळमजल्यावर. हे वेगळं सांगायला नको.

चौथ्या मजल्यावर नाना सावंत आणि सुमनकाकी राहायचे. नाना ट्रॉम्बेकडच्या एका रिफायनरीत बॉयलरवर नोकरी करून निवृत्त झालेले. ताठ, सडपातळ, सकाळी पेपर वाचून दिवसभर त्याच्याशी वाद घालणारे. काकींच्या दोन्ही गुडघ्यांची वाट लागलेली. चार मजले उतरणं त्यांना शक्य नव्हतं, पण एक जिना चढून गच्चीवर जाणं कठड्याला धरून जमायचं. दीड वर्ष त्यांचं बाहेरचं जग म्हणजे ती गच्ची. तिथे त्या उन्हाळ्यात पापड-कुरडया आणि थंडीत आवळासुपारी वाळवायच्या. त्यांची आवळासुपारी विक्रोळीत प्रसिद्ध होती.

आता कुणी म्हणेल, किल्ली मागायची की. दवाखान्यात जायचं असेल तर पाटकर किल्ली देत, नाही कधी म्हणाले नाहीत. पण काकींना दवाखान्यात जायचं नसायचं. त्यांना मासळी बाजारात जाऊन स्वतःच्या हाताने माशाचा कल्ला उघडून बघायचा असायचा. नानांनी आणलेला मासा त्यांना पसंत पडत नसे आणि तो खरोखरच ताजा नसे, कारण कोळणींनी नानांना बरोबर ओळखलं होतं. आता सुरमईचा कल्ला बघायचाय म्हणून कुणी सेक्रेटरीकडे किल्ली मागायला जातं का? लाज वाटते. तर अशा ह्या इमारतीत, सोलर लावा म्हणजे लिफ्टचं बिल नाममात्र होईल आणि कुलूप निघेल, असं सांगायला मी गेलो.

गच्ची मोजायला गेलो तो मे महिना होता. दुपारी बाराला आम्ही सोलरवाले सावली बघतो, कारण सावली हा आमच्या धंद्यातला मुख्य शत्रू. पॅनेलं एकमेकांना साखळीसारखी जोडलेली असतात. एकावर सावली पडली की त्या रांगेतल्या बाकीच्यांचीही चाल मंदावते. गच्चीच्या दक्षिण कडेला पाण्याची टाकी होती, चांगली दहा फूट उंच. भर बाराला तिची सावली बघितली तर पायाशी गोळा झालेली, हातभरसुद्धा नाही. मी खूश. टाकीच्या उत्तरेला मोठी सलग जागा होती, तिथे बारा पॅनेलं आरामात बसणार. मी खडूने रेघा मारायला लागलो.

काकी कुरडयांवर बसणारे कावळे हाकलत होत्या. माझ्या रेघा बघून म्हणाल्या, "अरे, हय नको. मार्गशीर्षात हय ऊन येना नाय."

मी मनात म्हटलं, आलं लक्षात. म्हातारीला आपली वाळवणाची मोक्याची जागा सोडायची नाही. जनरेटरच्या दिवसांत मी असले बहाणे पुष्कळ ऐकले होते. प्रत्येकाला वीज हवी असते, जनरेटर मात्र शेजाऱ्याच्या खिडकीखाली हवा असतो. मी मोठ्या उदार मनाने त्यांना पूर्वेच्या कठड्याजवळची अरुंद पट्टी दाखवली आणि म्हटलं, काकी, ही तुमची, इथे मी एक खिळासुद्धा ठोकणार नाही. त्या म्हणाल्या, चालात. इतक्या पटकन मान्य झाल्या तेव्हाच मला संशय यायला हवा होता. मला वाटलं मी जिंकलो.

आता माझ्या अकलेचं गणित सांगतो. सव्वीस वर्षं डिझेलमध्ये मला कधी महिना विचारावा लागला नव्हता. वैशाख असो की पौष, तेल ओतलं की इंजिन चालतं. मे महिन्यात मुंबईत सूर्य अगदी डोक्यावर येतो, तेव्हा कुतुबमिनार इथे आणून उभा केला तरी हातभर सावली पडणार नाही. थंडीत तोच सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि सावल्या उत्तरेकडे लांब पसरतात. हे शाळेत भूगोलात शिकवतात. मी शिकलोही होतो. पण तो भूगोल माझ्या डोक्यात होता, पायांत डिझेलच होतं.

जूनच्या पहिल्या रविवारी सर्वसाधारण सभा गच्चीवरच झाली. मी पोपटासारखा बोललो. दिवसा वापरून उरलेली वीज बाहेर जाईल, लागेल तेव्हा परत येईल, शेजारणीकडे साखर ठेवून वाटी वाटीने परत आणावी तसं. शिवाय सरकार खर्चाचा काही भाग अनुदान म्हणून देणार. अनुदान हा शब्द ऐकला आणि नाना उभे राहिले.

नाना पाऊण तास बोलले. मला तेव्हा राग आला होता, पण आज कबूल करतो की त्या गच्चीवर त्यांच्याइतका अभ्यास कुणाचाच नव्हता. त्यांचं म्हणणं, मुलगी सोन्यासारखी आहे म्हणता, मग तिच्याबरोबर एवढं सोनं कशाला देता? वस्तू चांगली असेल तर लोक आपणहून घेतील. सरकारचा पैसा म्हणजे साकीनाक्याच्या झोपडीतला माणूस काडेपेटीवर भरतो तो कर. त्याला स्वतःची गच्ची नाही, पत्रा आहे. त्याच्या पैशांतून गच्चीवाल्यांच्या गच्चीवर काचा लावायच्या, ही कुठली समानता? आणि एकदा लागलेली सवय सुटत नाही, वीस वर्षांनी अनुदान काढायला जाल तेव्हा हेच लोक बोंबलतील.

मी म्हटलं, नाना, रेशनचं रॉकेल कुणी जाळलं? सवलतीचा सिलिंडर कुणाच्या घरी आला? होड्यांच्या डिझेलला सवलत मिळते, तेव्हा झोपडीवाला कर भरत नव्हता का? इतकी वर्षं तेलाला पोसलंत, आता उन्हाच्या वेळी तत्त्व आठवलं? सभेत हशा झाला. नाना मात्र शांतपणे म्हणाले, की होय, पोसलं, आणि म्हणूनच सांगतोय. मी रिफायनरीत होतो. पोसलेलं पोर कधीच मोठं होत नाही, हे मी आतून बघितलंय.

मी घाईने म्हटलं, पाटकर, मतदान घ्या. नानांच्या मुद्द्यापासून पळायचा तोच एक रस्ता होता.

मतदान झालं. एका घराला एक मत. बाजूने आणि विरोधात बरोबरीत हात वर झाले आणि शेवटचा हात नानांनी विरोधात वर केला, तेव्हा पाटकरांनी रजिस्टर उघडून घसा साफ केला. चौथ्या मजल्यावरचं घर, म्हणाले, सुमन सावंत यांच्या नावावर आहे. मत त्यांचं धरावं लागेल. नानांनी निवृत्तीच्या वेळी मोठ्या मनाने घर बायकोच्या नावावर केलं होतं आणि नंतर ते विसरून गेले होते. सगळ्यांनी कठड्याजवळ मुढ्यावर बसलेल्या काकींकडे बघितलं. काकींनी नवऱ्याकडे न बघता हात वर केला, बाजूने. ठराव एका मताने मंजूर. नाना त्यानंतर दोन दिवस पेपरशीसुद्धा भांडले नाहीत असं ऐकलं.

कागदपत्रांचं सांगत नाही, दिवाळी अंक आहे. इतकंच सांगतो, की सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर यायला आठ मिनिटं लागतात आणि तिथून मीटरच्या अर्जावर सही व्हायला तीन महिने. पण गणपतीच्या आधी काम झालं. पाटकरांच्या हस्ते नारळ फुटला. त्यांनी खिळ्यावरची किल्ली काढून कुलूप उघडलं आणि काकी लिफ्टमधून खाली उतरल्या. मला वाटलं होतं त्या देवळात जातील. त्या सरळ बाजारात गेल्या. तासाभराने परत आल्या तेव्हा पिशवीतून सुरमईचं शेपूट डोकावत होतं आणि चेहऱ्यावर, कसं सांगू, एखादी परीक्षा पास झाल्यासारखा आनंद होता. जनरेटरच्या अख्ख्या कारकिर्दीत माझ्या कामाने कुणाच्या तोंडावर तसा आनंद आणलेला मी बघितला नव्हता.

पितृपक्ष गेला, नवरात्र गेलं, दिवाळी गेली. मार्गशीर्षात पाटकरांचा फोन आला. वीजबिल फुगलंय. तुमची पॅनेलं झोपलीत. तळमजल्यावरचे परत ओरडतायत, मी लिफ्टला कुलूप घातलंय.

मी धावत गेलो. अकराचा सुमार. गच्चीच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं आणि तिथेच थांबलो. टाकीची सावली लांबलचक होऊन चार पॅनेलांवर ऐसपैस पसरली होती, दुपारी जेवून आडव्या झालेल्या पाहुण्यासारखी. आणि पूर्वेच्या कठड्याजवळ, मी उदार मनाने सोडलेल्या त्या अरुंद पट्टीवर, स्वच्छ पिवळं ऊन. त्या उन्हात तीन सुपांत आवळ्याचे तुकडे आणि शेजारी मुढ्यावर काकी.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "तुका मे म्हयन्यात सांगलंय मा मी?"

त्या बाईने त्या गच्चीवर तीस वर्षं पापड आणि आवळे वाळवले होते. कुठल्या महिन्यात कुठल्या फरशीवर किती वाजेपर्यंत ऊन असतं हे त्यांना तोंडपाठ होतं. मी ऊन मोजायचं तीन हजारांचं यंत्र खिशात घेऊन आलो होतो आणि फुकटचं ज्ञान शेजारी बसलं होतं, त्याला मी बहाणा समजलो. आयुष्यात मी पुष्कळ चुका केल्या, पण ह्या एका चुकीची मला आजही लाज वाटते, कारण तिची शिक्षा मला झाली नाही. ती झाली काकींना. लिफ्ट परत कुलपात गेली आणि मासे परत नाना आणायला लागले.

उपाय शोधायला मी आठवडाभर डोकं खाजवलं. टाकी हलवता येत नव्हती. टाकीच्या डोक्यावर पॅनेलं ठेवावीत तर तिचा स्लॅब जुना, त्याला भोकं पाडली असती तर पाणी थेट चौथ्या मजल्यावर. पॅनेलं उंच मांडवावर चढवावीत तर वाऱ्याला तोंड देणारं लोखंड लागणार, त्याला सोसायटी तयार नव्हती आणि शेठ तर माझं नाव ऐकायला तयार नव्हते. राहिला एकच मार्ग. सावलीतली चार पॅनेलं उचलून पूर्वेच्या पट्टीवर न्यायची. तेवढीच जागा होती आणि तिथे बारा महिने ऊन होतं. मजुरी मी खिशातून द्यायची ठरवली. पण ती पट्टी मी काकींना शब्द देऊन दिली होती.

मी सावंतांच्या घरी गेलो आणि मान खाली घालून सांगितलं. काकी म्हणाल्या, ने. नाना मात्र उठून उभे राहिले. मला वाटलं, आता ते म्हणणार, मी सांगितलं होतं. तो त्यांचा हक्कच होता. पण त्यांचा आवाज सभेतल्यासारखा नव्हता.

"दत्ता, अनुदान म्हणजे काय ते कळलं का तुला आता? कुणाच्या तरी वाटणीचं ऊन काढून दुसऱ्याला द्यायचं. कागदावर सरकार देतं. खरं देणारा कुणीतरी हिच्यासारखा असतो, आणि त्याला कुणी विचारत नाही."

काकी आत गेल्या, चहा घेऊन आल्या, कप माझ्यापुढे ठेवला आणि मग नवऱ्याकडे वळल्या.

"माका इचारल्यान मा तेना? मी देतंय म्हणतंय. तुमका लग्नात सायकल व्हयी होती, आठवता?"

नाना म्हणाले, आता सायकलीचा काय संबंध? लग्नात सासऱ्यांकडून नानांनी एकच गोष्ट मागून घेतली होती, ती म्हणजे सायकल. विक्रोळीहून ट्रॉम्बेला ते तिच्यावरून कामाला जात. ही गोष्ट ते सगळ्यांना अभिमानाने सांगत, की हुंडा घेतला नाही, फक्त सायकल.

"ती सायकल खयसून इली ता तुमी कधी इचारलात नाय. बापाशीन दुभती गाय इकल्यान. दोन वर्सां आमच्या घरात कोरी चाय. पन बापाशीन कधी बोलान दाखवल्यान नाय. कित्याक? तुमी ती रोज चालवलात म्हणान. येक दिवस गंजाक देवक नाय."

नानांनी चष्मा काढला आणि बराच वेळ सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात ही गाय त्यांना पहिल्यांदा भेटत होती. मी चहा तसाच ठेवून उठलो तर काकींनी खाली बसवलं आणि संपवून जायला सांगितलं. दूध घातलेला होता.

संक्रांतीच्या आत मी चार पॅनेलं हलवली. बिल उतरलं, कुलूप निघालं, काकी बाजारात गेल्या. पुढे एके दिवशी अनुदानही आलं, ज्याची वाट बघणं सगळ्यांनी सोडून दिलं होतं. नानांनी त्याला विरोध मात्र मागे घेतला नाही. सभेत अजूनही ते उभे राहतात, अजूनही पाऊण तास बोलतात. फक्त शेवटी एक वाक्य वाढलंय: द्यायचंच असेल तर एकदाच द्या, देणाऱ्याला विचारून द्या आणि घेणारा रोज चालवतो की नाही ते बघा. सभेला वाटतं, ते सौरऊर्जेबद्दल बोलतायत.

कुंदाताई, माझं उत्तर विचाराल तर ते ह्याहून वेगळं नाही. तेलाला आपण एवढी वर्षं कडेवर घेतलं, आता उन्हाला चार पावलं बोट धरून चालवायला हरकत नाही. पण बोटच धरा, कडेवर घेऊ नका. आणि ज्यांना गच्ची नाही त्यांचं काय, ह्या नानांच्या प्रश्नाला उत्तर शोधा. इतक्या गच्च्यांवर पॅनेलं लावणारा मी स्वतः दुसऱ्या मजल्यावर राहतो, माझ्या डोक्यावर अजून तीन मजले आहेत आणि गच्ची बिल्डरच्या ताब्यात आहे. तेव्हा त्या रांगेत मीही उभा आहे.

गोष्ट मात्र संपायची आहे. पुढच्या मार्गशीर्षात पॅनेलं पुसून घ्यायला म्हणून मी सातेरीकृपात गेलो. खरं सांगायचं तर काकींच्या आवळासुपारीचं काय झालं ह्याची मनाला टोचणी होती. गच्चीवर गेलो तर काकी मुढ्यावर बसलेल्या, मान वर करून कुणालातरी ओरडत होत्या, सांभाळून, पाय बघा, आता ह्या वयात हाड मोडलंत तर मी लिफ्टमधून नेणार नाही. मी वर बघितलं. टाकीच्या लोखंडी शिडीवर नाना होते. वय वर्षं बहात्तर, डोक्यावर सूप, एक हात शिडीला, एक हात सुपाला. रिफायनरीत बॉयलरच्या शिड्या चढलेला माणूस, तोल अजून पक्का होता. ज्या टाकीने आमची वाट लावली, तिच्याच डोक्यावर बारा महिने, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, विक्रोळीतलं सर्वांत चांगलं ऊन होतं. स्लॅब पॅनेलांना चालणारा नव्हता, आवळ्याला चालत होता.

सकाळी आठला सुपं वर न्यायची, संध्याकाळी पाचला खाली आणायची, असं रोज. मी खालून विचारलं, नाना, ह्या कामाला काही अनुदान मिळतं का?

नानांनी सूप टाकीवर नीट ठेवलं, आवळ्याचे तुकडे बोटांनी पसरले आणि वरूनच म्हणाले, "मिळालंय रे. पंचेचाळीस वर्षांपूर्वी. गाय विकून."